व्हाळापलीकडचा तंबू

आमचे जावई गुरुदास यांचं पत्र दिवाळीनंतर आलं. मार्गशीर्ष उजाडला तरी मी त्याला उत्तर धाडलं नव्हतं. यात आळस नव्हता, राग तर मुळीच नव्हता. प्रश्न फार सोपा होता, हीच अडचण होती.

गुरुदास मुंबईत एका विलायती कंपनीत कामाला. त्यांच्या साहेबांनी वाचून टाकलेलं एक अमेरिकन मासिक त्यांच्या हाती लागलं होतं आणि त्यात रंगीत चित्रं होती. तिकडे म्हणे सरकार समुद्रकाठची जागा लोकांच्या सुट्टीसाठी राखून ठेवतं. चांगली घरंदारं असलेली माणसं मोटारीतून तिथे जातात, तंबू ठोकतात, उघड्यावर शिजवतात आणि आठवड्यानं खूश होऊन घरी परततात. गुरुदासांनी लिहिलं होतं, "आपल्याकडे तर किनारा दाराशी आहे. नाताळच्या सुट्टीत तिथे तंबूत राहता येईल का? येत असेल तर आम्ही तिघं येतो. नसेल तर माथेरानला खोली घेतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रजेचा अर्ज द्यायचा आहे, तोवर कळवावं." खाली उरलेल्या जागेत आमच्या विमलाच्या अक्षरात एवढंच होतं : "बाबा, हो म्हणा."

विमला लग्नानंतर एकदाच माहेरी आली होती. नात चालायला लागली, बोलायला लागली, आणि आम्ही तिला पाहिलेली फक्त फोटोत, तीही रडताना.

आमच्या सौभाग्यवतींना, म्हणजे रुक्मिणीला, यात अडचण दिसत नव्हती. "हो म्हणान लिवा आणि टाका पेटीत," ती म्हणाली. "पोरगी येवंदे. मगे तंबूत रवात नायतर माडार चढान बसात."

पण मी मुंबईला एका छापखान्यात आयुष्यभर मुद्रितं तपासलेला माणूस. दुसऱ्यांच्या चुका काढून काढून पुढे असं होतं, की स्वतः एक वाक्य लिहिलं तरी त्याच्या समासात दुरुस्ती दिसायला लागते. 'हो' लिहायचं कशाच्या आधारावर? मी तंबूत कधी राहिलो नव्हतो. आमच्या किनाऱ्यावर कोणी राहिल्याचं ऐकलं नव्हतं. वाऱ्यानं तंबू उडाला आणि नात समुद्रात गेली, तर 'आपल्या ता. अमुकच्या पत्रात आपण हो म्हटलं होतं' असं जावयांनी म्हणायचं आणि मी ते ऐकायचं. तेव्हा मी ठरवलं, की आधी आपण तीन दिवस तंबूत राहून बघायचं आणि मग लिहायचं. अनुभव घेऊन उत्तर देणं यात गैर काय होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मालवण आणि मसुरं यांच्या मधे कुठेतरी आहे एवढं पुरे. गावातले मानकरी अजून माझ्याकडे तिरपं बघतात.

सुरुवात परवानगीपासून केली. किनारा सरकारी, बिनपरवाना तिथे झोपणं माझ्या स्वभावात बसणारं नव्हतं. तलाठ्यांनी माझा अर्ज उलटसुलट करून विचारलं, "तंबू? सर्कशीचा?"

"नाही. राहण्याचा."

"आपलं घर पडलं का?"

"नाही. घर चांगलं आहे."

"मग आजोबा," ते म्हणाले, "तुम्हांला नक्की काय त्रास आहे?"

त्यांनी मला बंदरावरच्या कचेरीकडे धाडलं. तिथल्या कारकुनाचं म्हणणं असं, की भरतीच्या रेषेच्या खालची वाळू त्यांची आणि वरची महसुलाची. मी विचारलं, रेषा कुठे आहे? तो म्हणाला, ती हलते. म्हणजे माझं अंथरूण महसुलात आणि पाय बंदर खात्यात, आणि भरती आली की सगळाच मी बंदर खात्यात. लेखी काहीच मिळालं नाही. निघताना त्यानं प्रेमानं एक सूचना मात्र केली, "काळोखात कंदील समुद्राकडे धरू नका. गोव्याहून चोरटा माल घेऊन येणारी गलबतं त्याला खूण समजतात. तुम्ही पुस्तक वाचत बसाल आणि सकाळी दारात दारूची पिंपं सापडतील." तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते आणि आमच्याकडे दारूबंदी होती, त्यामुळे ही सूचना मी वहाणा घालेपर्यंत तीनदा मनात घोकली.

तंबू आमच्या शेजाऱ्यानं दिला. सांतान जन्मभर आगबोटीवर खलाशी होता. त्याच्या बापाच्या मचव्याचं शीड माळ्यावर पडलं होतं. "जाड कापड हां भाई," तो म्हणाला. "ह्या शिडान मस्कत बघितला." वासावरून बघता, मस्कतहून परत येताना त्यात सुकी मासळी बांधून आणली असावी. शिडाला मधोमध एक भोक होतं. सांतानच्या मते ते वारा खेळण्यासाठी उत्तम.

जागाही त्यानंच सुचवली. "वाडीसमोर नको. थय सकाळी रापण ओढतत, तुमका जाळ्यातसून काढूचा लागतला. व्हाळापलीकडे मारया." व्हाळ म्हणजे आमच्याकडचा ओढा. आमच्या गावाची हद्द त्या व्हाळाशी संपते. हे वाक्य पुढे महत्त्वाचं ठरणार होतं, पण तेव्हा मला त्यात फक्त रापणीपासून सुटका दिसली.

मी एकटाच जाणार होतो. रुक्मिणी म्हणाली, "तुमका चा करून कोण घालतलो?" म्हणून ती निघाली. ती निघाली तर कोंबड्यांना मुंगूस खाईल, म्हणून कोंबड्या डालग्यात भरल्या. गाईचं दूध कोण काढणार, म्हणून गाय सोडून घेतली. गाय निघाली म्हटल्यावर वासराला काय सांगणार? कुत्रा न बोलावता मागून आला. मग भांडी, स्टोव्ह, तांदूळ, सुकं जळण, वळकटी, आणि शेवटी रुक्मिणीनं दाराला कुलूप घातलं, तुळशीला पाणी घातलं आणि घराकडे बघून हात जोडले. मी छत्री आणि एक जाडजूड पुस्तक काखेला मारून पुढे झालो. शीड सांतान आधीच घेऊन गेला होता.

वाटेत आनंदीबाई भेटल्या. आमच्या वाडीत काहीही झालं, तरी ते आनंदीबाईंना माहीत झाल्याखेरीज पुरतं झालं असं धरत नाहीत.

"भाई, खंय चल्लास?"

आता, 'जावयांना तंबूत झोपायचंय म्हणून मी झोपून बघायला चाललोय', हे भर रस्त्यात, एका बाईमाणसाला, गाईच्या दोरीला धरून सांगणं मला जमेना. मी मान खाली घालून म्हणालो, "जरा गावाबाहेर."

"गोरवां घेवन?"

"हो. राहायचंच आहे."

"किती दिस?"

"तीन."

आनंदीबाईंनी डालग्याकडे पाहिलं, कुलपाच्या किल्लीकडे पाहिलं, मग माझ्या काखेतल्या पुस्तकाकडे पाहिलं. "पुस्तकात बघून ठरवलास मां?"

"हो तर," मी म्हणालो. प्रवासवर्णनाचं पुस्तक होतं, त्यात तंबू ठोकण्यावर एक प्रकरण होतं. "सगळं वाचूनच ठरवलं."

"बरा केलास," त्या म्हणाल्या, आणि लगबगीनं घराकडे वळल्या. मला बरं वाटलं. माझ्या निर्णयाला बरं म्हणणारं माणूस मला फार दिवसांनी भेटलं होतं.

तंबू ठोकण्याचं वर्णन थोडक्यात करतो, कारण त्यात माझा मान फारसा दिसत नाही. वाळूत खुंटी ठोकली की ती आज्ञाधारकपणे आत जाई आणि तितक्याच आज्ञाधारकपणे बाहेर येई. सांताननं दोरांच्या टोकांना नारळ बांधून ते वाळूत पुरले. हा उपाय त्यानं लिस्बनला पाहिला होता म्हणे. संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटला. शेवटी ते शीड होतं. वारा भरला की प्रवासाला निघायचं, एवढंच त्याला जन्मभर शिकवलेलं. ते फुगलं, नारळ एकेक करून वाळूतून उसळून वर आले, आणि आमचा तंबू सगळ्या लवाजम्यासह व्हाळाच्या दिशेनं निघाला. मी एका दोराला, सांतान दुसऱ्याला.

"भाई, सोडू नका," तो ओरडला. "आजून चार हात गेलो तर परत गावात जातलो."

अखेर गाईला एका दोराशी बांधलं, तेव्हा ते थांबलं. गाय जड होती आणि तिला कुठेही जायची घाई नव्हती. स्टोव्ह वाऱ्यानं पेटेना म्हणून रुक्मिणीनं तीन दगडांची चूल मांडली. पेज, सुकटाची चटणी आणि वाळू असं जेवण झालं. कोंबड्या माझ्या उशीवर बसल्या आणि हुसकल्यावर पुस्तकावर बसल्या. इतकं होऊनही, खोटं कशाला सांगू, मला आत पडल्या पडल्या मजा वाटत होती. शिडाच्या भोकातून एक चांदणी दिसत होती. रुक्मिणी नातीबद्दल म्हणाली, "चेडू हय येयत तर वाळूत लोळात." मी मनात 'हो' लिहिलंही, आणि लगेच त्याच्यापुढे एक प्रश्नचिन्ह घातलं. आणखी दोन दिवस जायचे होते.

सकाळी कोंबड्याच्या आरवण्यानं जाग आली. मग दुसरा कोंबडा आरवला. मग पुष्कळ आरवले. आमच्याकडे कोंबडा एकच होता.

मी शिडाची कड उचलून बाहेर पाहिलं. व्हाळापलीकडची सगळी पुळण माणसांनी भरली होती. माडाच्या झापांच्या खोपी उभ्या राहत होत्या. कोणी चुली पेटवत होतं, कोणी म्हशी बांधत होतं, कोणाची म्हातारी खाटेसकट आणली होती. आनंदीबाईंनी आमच्या शेजारची उत्तम जागा पकडून शेणसडाही घातला होता. मला बघून त्या म्हणाल्या, "आमी रातीच मोटली बांधली. तुमच्यामुळां कळला तरी."

आता बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं. आमच्या बाजूच्या काही गावांत दर तीन-चार वर्षांनी गावपळण असते. देवाचा कौल झाला, की देवदिवाळीनंतर एक दिवस ठरतो, आणि सगळा गाव, गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं घेऊन, दारांना कुलपं लावून वेशीबाहेर, आमच्या बोलीत येशीभायर, खोपी बांधून राहतो. तीन दिवस गाव देवाचा. परत यायचं तेही देवाला कौल लावूनच. जात-धर्म न बघता सगळे जातात, सांतानचं ख्रिस्ती घरसुद्धा. या वर्षी पळण व्हायची होती आणि सगळे कौलाची वाट बघत होते. आणि मार्गशीर्षात, गाय-वासरू-कोंबड्या-कुत्र्यासह, घराला कुलूप लावून, जाडजूड पुस्तक बघून ठरवल्यावर, तीन दिवसांसाठी मी व्हाळ ओलांडला होता. मुंबईत तीस-पस्तीस वर्षं घालवल्यावर माणूस समासातलं सगळं बघतो आणि मजकूर विसरतो.

मी रुक्मिणीला हळूच विचारलं, "तुला काल सुचलं नाही?"

"सुचला," ती म्हणाली. "पण तुमी इतके वाचलेले. माका वाटला, तुमका म्हायत आसतला."

थोड्या वेळात व्हाळाच्या पलीकडच्या, म्हणजे गावातल्या काठावर मानकरी गंगाराम उभे राहिले. धोतर, कोट, डोक्यावर रुमाल, आणि चेहरा असा, की व्हाळातलं पाणी आटावं. कौल घेण्याचा मान त्यांच्या घराण्याचा.

"कौल कोणी लावलो?" त्यांनी विचारलं.

अलीकडच्या काठावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले, आणि मग सगळे माझ्याकडे.

"माका न इचारता देवाक कौल लावलो कोणी?"

"भाईंनी पुस्तकात बघितल्यानी," आनंदीबाई म्हणाल्या.

"देव पुस्तकात कधीपासून रवाक लागलो?"

"तर मगे आमी आता परत जातो," कोणीतरी मागून म्हणालं.

"जातास कसे?" गंगाराम म्हणाले. "मोटली बांधून येस वलांडलास. आता देवाच्या कौलाशिवाय आत पाय टाकूक येवचो नाय. आणि देवान नाय म्हटल्यान, तर रव्हा थयच शिमग्यापर्यंत."

आणि त्याच वेळी मला पोस्टमास्तर दिसले. ते फणसाखाली खोप बांधत होते. त्यांच्या घरातच गावचं पोस्ट होतं. पत्रपेटी आत, ते बाहेर. रजेच्या अर्जाची मुदत दोन दिवसांवर आली होती, आणि परवानग्या-खुंट्यांच्या नादात मी ती मोजायलाच विसरलो होतो. आजची थैली गेली नाही, तर माथेरानची खोली पक्की. मला एकदम ती खोली दिसली. तिला पडदे होते, आणि त्या पडद्यामागे माझी नात लपाछपी खेळत होती, दुसऱ्याच कोणाच्या तरी शोधण्याची वाट बघत.

आयुष्यात मी चार माणसांपुढे कधी बोललो नव्हतो. छापखान्यातल्या माझ्या निरोपसमारंभात आभार मानायला उभा राहिलो आणि पाणी मागून खाली बसलो. पण त्या दिवशी मी व्हाळाच्या कडेपर्यंत गेलो, पाण्यात एक पाय टाकला, आणि म्हणालो, "कौल कोणी लावला नाही. जावयांना नाताळात किनाऱ्यावर तंबूत राहायचंय. राहता येतं की नाही, ते बघायला मी आलो होतो. बाकी काही नाही."



"म्हणजे," आनंदीबाई सावकाश म्हणाल्या, "तुमच्या जावयाक झोप कशी लागता बघूक, मी माझ्या सासवेक खाटयेर घालून हाडलंय?"

"मी काल 'गावाबाहेर' एवढंच म्हणालो होतो."

"तेव्हडाच म्हणालास. तेचाच तर भोगतंय."

मग आधी सांतान हसला. त्याचं हसणं आगबोटीच्या भोंग्यासारखं होतं, त्याला विरोध करता येत नसे. हळूहळू सगळा काठ हसायला लागला. खाटेवरची म्हातारीसुद्धा. मी मात्र पाण्यातला पाय मागे घेतला नाही. आता तो भिजलाच होता.

गंगाराम हसले नाहीत. देवाचं काम हसण्यावारी न्यायचा त्यांना अधिकार नव्हता. त्यांनी नारळ मागवला, पलीकडच्या काठावर देवळाकडे तोंड करून उभे राहिले आणि गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडचं गाऱ्हाणं खणखणीत असतं, आणि दर वाक्याला सगळ्यांनी हुंकार द्यायचा असतो. छापलेल्या मजकुरात माझं नाव कधी आलं नव्हतं. देवाच्या कानावर ते असं गेलं :

"बा देवा म्हाराजा, बारा येशीच्या म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," दोन्ही काठ म्हणाले.

"आज ह्या तुझ्या लेकराकडना, भाईकडना, एक चूक घडली."

"व्हय म्हाराजा."

"चूक ती काय, तर जावय येतलो म्हणान ह्येना येशीभायर शिडाचो तंबू मारल्यान. तंबू बघून आनंदीबाय भायर पडली, आनंदीबायक बघून वाडी भायर पडली. कोणी कोणाक इचारूक नाय."

"व्हय म्हाराजा." यात आनंदीबाईंचा आवाज नव्हता.

"जा काय चुकला-माकला आसात, ता पदरात घे. आणि ज्या लेकीसाठी ह्यो सगळो खटाटोप, त्या इमलाक, तिच्या घोवाक, तिच्या चेडवाक, सुखरूप घराक हाड रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

या वेळी आनंदीबाईंचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मी हुंकार द्यायचा विसरलो. रुक्मिणीनं पदर तोंडाशी धरला होता आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

गंगाराम देवळात गेले. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावून विचारायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आम्ही व्हाळाच्या काठाला ओळीनं उभे. मी आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला तरी इतक्या सरळ पद्धतीनं हो-नाही ठरवताना बघणार होतो, आणि मला त्या पाकळ्यांचा हेवा वाटला.

ते परत आले ते निराळ्याच चालीनं.

"देवान चूक पदरात घेतल्यान. आज सगळ्यांनी घराक जावचा," ते म्हणाले. काठावर सुस्कारा पडला. "आणि इचारतंयच तर म्हटला, खऱ्या पळणीचो पण कौल घेवया. तोय दिल्यान. वद्य नवमीक गाव भायर पडतलो."

सगळे बोटांवर मोजायला लागले. माझ्याकडे खिशात पंचांग नव्हतं, पण इंग्रजी तारीख चटकन लागली. वद्य नवमी म्हणजे नाताळचा आदला दिवस. जावयांची रजा बरोबर तेव्हापासूनची.

"अरे देवा," पोस्टमास्तर सांतानला म्हणाले, "तुमचो सण येशीभायर पडलो."

सांताननं खांदे उडवले. "आमचो जेजू तरी खंय घरात जल्मलो? तोय गावाभायर, गोठ्यातच. ह्या वर्षी गोठो खरो करतलंय. भाईंची गाय आसाच."

आणि मग माझ्या लक्षात आलं, की इतके दिवस मी ज्या प्रश्नाभोवती फिरत होतो, त्याचं उत्तर देवळातून परस्पर येऊन पडलं आहे आणि त्याला समास नाही.

मी तिथेच, आनंदीबाईंच्या सासूच्या खाटेच्या कडेवर बसून, पुस्तकात खुणेसाठी ठेवलेल्या पोस्टकार्डावर लिहायला घेतलं. भोवती गर्दी जमली. गोधडी हाडूक सांगा, असं आनंदीबाई म्हणाल्या. बोटीनं मालवणला उतरावं, तळेऱ्याच्या वाटेनं आले तर पोरगी धक्क्यांनी हैराण होईल, असं पोस्टमास्तर. शीड मी देतलंय म्हणान लिवा, हे सांतान. पलीकडच्या काठावरून गंगाराम ओरडले, "जावयाक सांगा, येस वलांडूच्या आधी कोणाक तरी इचारूचा." मी यातलं बहुतेक काहीच लिहिलं नाही. एवढंच लिहिलं :

"चि. गुरुदास यांस आशीर्वाद. किनाऱ्यावर तंबूत राहता येईल का, असं आपण विचारलं होतं. नाताळात आमच्याकडे तंबूखेरीज दुसरीकडे कुठे राहताच येत नाही. शेजार उत्तम आहे, कारण सगळा गावच शेजारी आहे. उशी कोंबड्यांपासून सांभाळावी लागते. जरूर यावं."

खाली थोडी जागा उरली होती. तिथे लिहिलं, "चि. विमला, हो."

व्हाळ ओलांडून सगळा गाव गुरंढोरांसह परत निघाला. पुढे पोस्टमास्तर, त्यांच्या मागे मी, माझ्या मागे गाय. शीड कोणी आणलं, मला आठवत नाही. पोस्टाच्या भिंतीवरच्या लाल पेटीशी आलो. कार्ड अर्धं आत घातलं आणि माझा हात थांबला. 'जरूर'मधला ज नीट उठला होता का, 'उत्तम'नंतर स्वल्पविराम हवा होता का, अशा शंका येऊ लागल्या. गाईनं मागून ढुशी दिली. कार्ड आत पडल्याचा बारीक आवाज आला.

पोस्टमास्तरांनी कमरेची किल्ली काढून पेटी उघडली, माझं एकुलतं एक कार्ड थैलीत टाकलं आणि तोंड बांधलं. पुन्हा वाचून बघायची सोय आता उरली नव्हती. मी गाईला घेऊन घरी गेलो आणि चहा मागितला.